'विकृत त्रिकूट' आणि 'आत्मघात' : दोन प्रतिशब्दांविषयी

स्वभावाचे आक्रमकता, मद्यपान आणि स्वतःला इजा करणे यांच्याशी असलेले नाते सांगणाऱ्या मानसशास्त्रावरील लेखासाठी 'डार्क ट्रायड'ला 'विकृत त्रिकूट' आणि 'सेल्फ-हार्म'ला 'आत्मघात' म्हणावे का, असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे. माझ्या मते दोन्ही शब्द टाळावेत. पहिला अन्यायकारक आहे आणि दुसरा सरळसरळ दिशाभूल करणारा.

डेलरॉय पॉलहस आणि केविन विल्यम्स या मानसशास्त्रज्ञांनी 2002 मध्ये 'डार्क ट्रायड' ही संज्ञा मांडली, ती चारचौघांत कमी-अधिक प्रमाणात आढळणाऱ्या तीन प्रवृत्तींसाठी : आत्मप्रौढी, इटालियन राजकीय विचारवंत मॅकियाव्हेलीचे नाव चिकटलेला कावेबाजपणा, आणि सायकोपथी, म्हणजे निर्दय बेफिकिरी व उतावळेपणा यांचे मिश्रण. 'विकृत' म्हटले की निदान झाल्यासारखे वाटते आणि 'त्रिकूट' म्हटले की तीन बदमाश डोळ्यांपुढे उभे राहतात. या प्रवृत्तींना 'गुण' म्हणणे शास्त्राला चालेल, पण मराठीत गुण उधळताही येत असल्याने उपरोधाचा वास येतो. त्यापेक्षा 'स्वभावातील काळ्या छटा' बरे, कारण छटा फिकट किंवा गडद असू शकते.

'आत्मघात' मराठीत आत्महत्येचाच पर्याय आहे. 'सेल्फ-हार्म'मध्ये मात्र जीव देण्याचा हेतू नसताना स्वतःला केलेली इजाही येते. अशी इजा करणाऱ्यांमध्ये पुढे आत्महत्येची जोखीम वाढलेली आढळते, म्हणून ती गांभीर्यानेच घ्यावी लागते, तरी दोहोंना एकच नाव देणे योग्य नव्हे. 'स्वतःला इजा करणे' असे साधे लिहावे.

शब्दांतला असा नेमकेपणा विषयालाही आवश्यक आहे, कारण तिन्ही छटांचे परिणामांशी नाते सारखे नाही. सायकोपथीतील उतावळा, बेबंद भाग आत्महत्येचे प्रयत्न आणि अति मद्यपान यांच्याशी जोडलेला दिसतो, तर तिचा थंड, निर्ढावलेला भाग तितका नाही. आत्मप्रौढ माणूस मुख्यतः अपमान झाला की उसळतो. 'अ‍ॅग्रेशन'साठी 'आक्रमकता' हा शब्द इथे चालेल. फक्त फलंदाजाच्या कौतुकात तो येतो त्या अर्थाने नव्हे, तर दुसऱ्याला दुखावण्याच्या हेतूने केलेले वर्तन या अर्थाने. 'ड्रिंकिंग'ला मद्यपानच म्हणावे, कारण पिणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो.

शेवटी 'मुळे' या शब्दयोगी अव्ययाविषयी. ते कारण सांगते, पण दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. प्रश्नकर्त्याचे 'काळ्या स्वभावामुळे माणसे पितात व आत्मघात करतात' हे वाक्य मी असे लिहीन : 'या छटांपैकी विशेषतः उतावळेपणाचा संबंध अति मद्यपानाशी आणि स्वतःला इजा करण्याच्या जोखमीशी आढळतो.'