शेजाऱ्याने सामासिक अंतरात सवलत मागितली असेल, तर आपण काय करावे?

विश्रामबागेत आपल्या शेजारच्या भूखंडावर बाजूचे सामासिक अंतर (इमारत आणि भूखंडाची हद्द यांच्यामध्ये सोडायची मोकळी जागा) कमी करून मिळावे असा अर्ज महापालिकेत दाखल झाला आहे. अशी सवलत देता येते का, ती कोण देतो, आणि निर्णयापूर्वी आपल्याला विचारले जाईल का, असे आपले प्रश्न आहेत. सांगलीत इमारतींचे नकाशे मंजुरीसाठी दाखल करणे हा माझा व्यवसाय असल्याने या प्रकरणांची दुसरी बाजूही मला माहीत आहे.

सवलत देता येते. 2 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली सांगली, मिरज आणि कुपवाडलाही लागू आहे. नियम जसाच्या तसा लावल्यास मालकाची खरोखर अडचण होते असे स्पष्टपणे दाखवून दिले गेले, तर विशेष लेखी परवानगीने मोजमापे शिथिल करण्याचा अधिकार तिच्यात आहे. मात्र त्यामुळे त्या इमारतीतील आणि शेजारच्या रहिवाशांचे आरोग्य, अग्निसुरक्षा किंवा इमारतीची मजबुती धोक्यात येता कामा नये. आणि रस्त्याच्या हद्दीपासूनचे अंतर व चटईक्षेत्र निर्देशांक (भूखंडाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येते ते, म्हणजे एफएसआय) यांत, नियमावलीनेच वेगळी तरतूद केलेली नसेल तर, या अधिकाराखाली सूट देता येत नाही. हा निर्णय प्रशासकीय असून तो आयुक्तांच्या अधिकारात होतो, महासभेत त्यावर मतदान होत नाही. शेतीपट्ट्यातील जमीन रहिवासी विभागात घेणे ही गोष्ट निराळी आहे: तिथे 1966 च्या नगररचना अधिनियमाच्या कलम 37 प्रमाणे जाहीर सूचना, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी आणि शेवटी राज्य शासनाची मंजुरी लागते.

सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘अडचण’ हा आहे. भूखंड मुळातच अरुंद असेल किंवा रस्तारुंदीकरणात त्याचा तुकडा गेला असेल, तर ती अडचण खरी आहे आणि अशा मालकाला सवलत मिळणे न्याय्यच आहे, असे मी मानतो. परंतु मोकळ्या, चौरस भूखंडावर केवळ एक खोली वाढावी म्हणून अंतर कमी मागितले जात असेल, तर ती अडचण नव्हे. अधिमूल्य (सवलतीसाठी महापालिकेला भरायची रक्कम) भरल्याने ती अडचण ठरत नाही.

आपल्यासारख्या लगतच्या शेजाऱ्याला नोटीस देऊन त्याचे ऐकून घ्यावे असे बंधन या सवलतीच्या तरतुदीत नाही. शिवाय नगररचना अधिनियमाच्या कलम 47 खालील अपील फक्त अर्जदाराला करता येते, आणि तेही 40 दिवसांत. आपल्याला तो मार्ग नाही. म्हणून आपली हरकत निर्णयापूर्वीच त्या प्रकरणाच्या नस्तीत (फाइलमध्ये) गेली पाहिजे. आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज करून तो आवक विभागात द्यावा व पोहोच घ्यावी. त्यात ‘आम्हाला त्रास होईल’ एवढेच लिहू नये. दोन भिंतींमध्ये नेमके किती अंतर उरेल, आपल्या कोणत्या खिडक्यांचा उजेड व वारा अडेल, मागच्या अंगणातले पावसाचे पाणी कुठून जाते, हे मोजमापांसह लिहावे आणि मोजणी नकाशाची प्रत जोडावी. कृष्णेच्या पुराचे पाणी 2005, 2019 आणि 2021 मध्ये शहरात आले होते. आपला भाग सखल असेल, तर पाण्याच्या निचऱ्याचा मुद्दा अग्रक्रमाने मांडावा. माहितीच्या अधिकारात अर्ज करून प्रस्तावित नकाशा आणि अडचणीचे कारण दिलेले पत्र मागवावे, पण त्या उत्तराला 30 दिवस लागू शकतात, तेवढा वेळ हरकत थांबवून ठेवू नये.

परवानगी आधीच दिली गेली असेल आणि ती चुकीच्या मापांवर किंवा खोट्या माहितीवर मिळवली असेल, तर ती रद्द करण्याचा अधिकार महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 258 प्रमाणे आयुक्तांना आहे. तेथेही दाद न मिळाल्यास उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाल्याने त्यासाठी सांगलीकरांना मुंबई गाठावी लागत नाही. काम जोत्यापर्यंत आले असेल, तर मंजूर नकाशातील अंतर आणि जागेवरील अंतर आधी ताडून पाहावे. ते मंजुरीपेक्षाही कमी आढळल्यास सवलतीचा वाद बाजूला ठेवून नगररचना अधिनियमाच्या कलम 53 खाली अनधिकृत बांधकामाची तक्रार करावी.