मिन्स्टेडला पहिल्यांदा जाताय?

दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट या रानातलं मिन्स्टेड हे गाव घाईत उरकू नका, अख्खा दिवस द्या. लंडनच्या वॉटर्लू स्टेशनातून ब्रॉकनहर्स्टपर्यंत रेल्वे आहे. पुढे टॅक्सी किंवा सायकल.

रस्त्यात तट्टं उभी दिसली तर गाडी थांबवा, हॉर्न नको. ही तट्टं रानटी नाहीत. गावकऱ्यांच्या मालकीची आहेत, चराईच्या जुन्या हक्काने मोकळी सोडलेली. त्यांना सफरचंद, बिस्किट काहीही देऊ नका, अगदी लेकरांनी हट्ट केला तरी. चटक लागली की ती रस्त्याकडेला येऊन थांबतात आणि गाडीखाली सापडतात. फार जीव तुटतो.

शरदात गेलात तर रानात डुकरंही भेटतील. ओकची हिरवी फळं तट्टांना विषारी, डुकरांना मेवा. म्हणून त्या दिवसांत मालक डुकरं मुद्दाम रानात सोडतात. पिल्लांसोबतच्या डुकरिणीपासून मात्र लांब राहा.

चर्चच्या आवारात शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांची कबर आहे. आतलं तीन मजली प्रवचनपीठ चुकवू नका.

एप्रिल-मेमध्ये झाडांखाली ब्लूबेल ही निळी रानफुलं फुलतात. फोटोसाठी पायवाट सोडू नका. पानं तुडवली गेली की त्या कंदांना सावरायला वर्षं लागतात. आणि बूट चिखलात चालतील असेच घाला, उन्हाळ्यातसुद्धा.