रसदीचा ताफा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुढेमागे बंदूकधारी जवान असूनही लष्कराच्या ताफ्यावर हल्ला होतोच कसा? (अमळनेर)

बंदूक कामाची ती समोर दिसणाऱ्या शत्रूसाठी. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगापुढे तिचा काय उपयोग? म्हणून खरी राखण ताफा निघायच्या आधी, पहाटेच होते. रोड ओपनिंग पार्टी, जवानांच्या तोंडी ‘आरओपी’, पायी निघते. ताजी उकरलेली माती, झुडपात गेलेली वायर, काल नसलेला दगडांचा ढीग, सगळं बघायचं. रस्त्याखालच्या प्रत्येक मोरीत वाकून टॉर्च मारायचा, जमेल तिथे श्वानपथक फिरवायचं. मग आजूबाजूच्या टेकड्यांवर जवान बसतात, ते शेवटची गाडी जाईपर्यंत हलत नाहीत. काम अत्यंत कंटाळवाणं, आणि घात तिथेच होतो.

१ मे २०१९ रोजी गडचिरोलीत खासगी गाडीतून निघालेले १५ जवान आणि चालक सुरुंगस्फोटात गेले. गाडी चिलखती का नव्हती, असं सगळे विचारतात. मी आधी विचारेन, रस्ता तपासला होता का?

प्रश्न : मग पुलवामात काय झालं? (शहादा)

तिथे धोका रस्त्याखाली नव्हता, रस्त्यावरून आला. बर्फामुळे जम्मू-श्रीनगर महामार्ग बंद पडून जवान जम्मूत अडकले होते. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी ७८ गाड्यांतून सुमारे २५०० जवान एकदमच निघाले. एवढी मोठी रांग लपत नाही. लेथपोऱ्याला स्फोटकांनी भरलेली गाडी बसला भिडली आणि ४० जवान गेले.

पुढे एप्रिलपासून काही काळ आठवड्यातले दोन दिवस तो महामार्ग सामान्य वाहनांना बंद ठेवला. लोकांचे फार हाल झाले, हा उपाय टिकणाराही नव्हता. ताफे लहान करणं, वेळ बदलत राहणं आणि जवानांना विमानाने नेणं मला जास्त पटतं.

प्रश्न : माझा भाऊ लेहच्या वाटेवर सेनेचा ट्रक चालवतो. दोन गाड्यांत एवढं अंतर कशाला? (चोपडा)

ताई, एका स्फोटात एकच गाडी सापडावी म्हणून. आज त्या वाटेवर शत्रूपेक्षा झोजिला खिंडीतलं हवामानच जास्त छळतं. १९९९ च्या कारगिल युद्धात मात्र तोलोलिंग शिखरावरून द्रासचा रस्ता शत्रूला सरळ दिसे, तोफगोळे नेमके येत. ट्रक रात्री, दिवे न लावता निघत. १३ जूनला ते शिखर घेतल्यावर जरा श्वास घेता आला.

प्रश्न : आपल्या भागात असं काही घडलंय का? (शिरपूर)

घडलंय, आणि तुमच्या दाराशीच. १८५७ च्या नोव्हेंबरात सेंधव्याच्या घाटात भिल्लांचा पुढारी खाज्या नाईक याने इंग्रजांचा सात लाखांचा खजिना लुटला. गंमत अशी की, त्याच घाटाची राखण पूर्वी त्याच्याकडे होती. कुठल्या वळणावर बैल थकतात, पहारा कुठे ढिला पडतो, हे त्याला कोण शिकवणार? एकाच माणसाला वर्षानुवर्षं एकाच वाटेवर ठेवू नये, ते एवढ्यासाठीच.

प्रश्न : ड्रोनपुढे हे सगळं जुनं झालं ना? (भुसावळ)

जुनं नाही, अपुरं. टेकडीवर जवान बसवला तरी आभाळ मोकळंच राहतं. युक्रेनमध्ये रसदीच्या रस्त्यांवर मासेमारीची जाळी ताणलीत, ड्रोनचे पंखे त्यात अडकतात.