भावाची निम्मी ठेव सहा महिन्यांसाठी मोडावी का?

आपला प्रश्न असा आहे : बौद्धिक अक्षमता असलेला आपला 35 वर्षांचा भाऊ दोन महिन्यांपासून रात्री झोपत नाही आणि स्वतःच्या गालावर मारून घेतो. एका खाजगी मनोरुग्णालयाने त्याला सहा महिने दाखल करण्यास सुचवले असून, त्यासाठी आईवडिलांनी त्याच्याकरिता ठेवलेली निम्मी रक्कम मोडावी लागेल.

माझ्या मते ती आज मोडू नये. ही ठेव पुढील 30 वर्षांच्या सांभाळासाठी आहे. व्याज महागाईइतकेच मिळेल असे धरले, तरी निम्मी ठेव म्हणजे 15 वर्षांचा सांभाळ होतो, आणि तो सहा महिन्यांत खर्ची पडेल. भावाच्या किंवा इतर कुणाच्या जिवाला धोका वाटला, तर मात्र हा हिशेब बाजूला ठेवून त्याच दिवशी दाखल करावे.

पत्रातल्या ‘गालावर’ या शब्दापाशी मी अडलो. मी डॉक्टर नाही. तथापि ज्याला दुखणे शब्दांत सांगता येत नाही, त्याची किडलेली दाढ किंवा ठणकणारा कान वागण्यातूनच कळतो, आणि तो त्रास अक्षमतेच्याच खात्यावर टाकला जाण्याचा धोका मोठा असतो. म्हणून पहिला खर्च दात, कान, पोट, थायरॉईड आणि चालू औषधे तपासून घेण्यावर करावा.

मानसिक आजाराची शक्यता अर्थातच उरते. स्कॉटलंडमधील ग्लासगो येथील बौद्धिक अक्षमता असलेल्या 1,023 प्रौढांच्या 2007 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे 41 टक्क्यांना तो आढळला होता. तपासण्यांतून काही निघाले नाही, तर निदानापुरते दोन-तीन आठवडे दाखल करण्यास माझी हरकत नाही. परंतु त्याआधी, अशा रुग्णांचा अनुभव कोणाला आहे, औषधांखेरीज काय केले जाईल आणि घरी कधी सोडणार, हे रुग्णालयाकडून लेखी घ्यावे. आक्रमक वर्तनासाठी दिलेल्या औषधांची बौद्धिक अक्षमता असलेल्या 86 प्रौढांवर चाचणी झाली (2008), तेव्हा ती नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा सरस ठरली नव्हती; निव्वळ औषधांसाठी सहा महिन्यांचे पैसे मोजणे मला पटत नाही.

घरी परतल्यावर रात्रीचा मदतनीस लागेल, त्याची तरतूद आत्ताच वेगळी काढावी. शिवाय ठेव एकरकमी असल्यास मुदत संपताच तिच्या लहान लहान पावत्या कराव्यात, म्हणजे अडचणीत एक मोडली तरी बाकीच्यांचे व्याज बुडणार नाही.