संशोधनाच्या कागदावर सही करावी का?

आपण लिहिले आहे की बाबांच्या गालाच्या आतील कर्करोगावर नागपूरच्या एका धर्मादाय संस्थेत शस्त्रक्रिया ठरली असून तेथे दोन वेगळ्या कागदांवर सही मागितली आहे: काढलेल्या गाठीचा उरलेला तुकडा संशोधनासाठी ठेवण्याची परवानगी आणि उपचारांच्या एका अभ्यासातील सहभाग. गावातील मंडळी मात्र "गरिबांवर प्रयोग करतात, सही करू नका" असे सांगत आहेत. वर्धा जिल्ह्यात आरोग्य सहायक म्हणून नोकरी केल्यामुळे आणि निवृत्तीनंतरही रुग्णांसोबत नागपूरला जाणे सुरू असल्यामुळे हा प्रश्न मला अनेक घरांतून विचारला जातो. कागद नीट समजून घेतल्यावर सही करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोकांची भीती मी खोटी ठरवणार नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा फार मोठा अभ्यास झाला, ज्यात टाटा मेमोरियल आणि बार्शीचे ग्रामीण कर्करोग रुग्णालय यांचा सहभाग होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या, आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच केलेली तपासणीही त्याचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आणते, असे दिसले. परंतु तुलनेसाठी ठेवलेल्या गटातील स्त्रियांना तपासणी न देता केवळ माहिती दिली गेली होती, आणि त्यावर पुढे गंभीर नैतिक आक्षेप घेतले गेले. ते आक्षेप योग्यच होते, असे मी मानतो; तरीही ग्रामीण स्त्रीसाठी कोणती तपासणी उपयोगाची, याचे इतके ठोस उत्तर आपल्याच खेड्यांतून जगाला मिळाले, हेही तितकेच खरे आहे.

आता बाबांच्याच आजाराकडे या. "रोग तोंडात, मग मान कशाला चिरायची?" हा प्रश्न आपल्याकडे प्रत्येक घरात निघतो, आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊन तोंड उघडेनासे झालेला माणूस मानेवरच्या टाक्यांना गालापेक्षा जास्त घाबरतो. तोंडाच्या सुरुवातीच्या अवस्थेतील कर्करोगात रोग जेथे पसरू शकतो त्या मानेतील लसिका गाठी आधीच काढाव्यात की त्या वाढलेल्या दिसल्यावर काढाव्यात, यावर जगभरातील शल्यविशारदांत अनेक वर्षे मतभेद होते. टाटा मेमोरियलच्या डॉ. अनिल डिक्रुझ यांच्या चमूने रुग्णांचे दोन गट करून ते तपासले. २०१५ च्या निष्कर्षांत, आधीच मान साफ केलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, तर वाट पाहिलेल्या गटात ६७.५ टक्के. अशा अवस्थेत आज डॉक्टर मानेची शस्त्रक्रिया सुचवतात त्यामागे या अभ्यासाचा मोठा आधार आहे, आणि तो उभा राहिला तो बाबांसारख्याच रुग्णांनी केलेल्या सह्यांवर.

अशा अभ्यासातून विकायला काहीच निघत नाही, म्हणून औषध कंपनी तो हाती घेईल अशी अपेक्षा करू नये. नफ्यासाठी न चालणाऱ्या संस्थेचे खरे काम मला येथेच दिसते. निव्होलुमॅब हे महागडे इंजेक्शन साधारणपणे दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम दिले जाते. टाटा मेमोरियलने डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगात स्वस्त गोळ्यांच्या जोडीला ते दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. एका वर्षानंतर जिवंत असलेल्या रुग्णांचे प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के होते, ते या गटात ४३.४ टक्के झाले. शेत गहाण ठेवून औषध आणणाऱ्या घरासाठी या आकड्यांचे मोल काय आहे, हे आपल्याला मी वेगळे सांगायला नको.

सहीपूर्वी माहितीपत्रक मराठीत मागून घ्या, घरी आणून एखाद्या शिकलेल्या मुलाकडून बाबांना मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. नेहमीच्या उपचारांपेक्षा यात वेगळे काय होणार आहे, कोणत्या तपासण्यांचा खर्च संस्था करणार आहे आणि अभ्यासामुळे इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. औषधाच्या ट्रायलची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत २००९ पासून बंधनकारक आहे. तो क्रमांक विचारला तर कोणी रागावण्याचे कारण नाही. बाबांना वाचता येत नसेल तर अंगठ्याच्या वेळी अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. सही नाकारली किंवा मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. तुकड्याच्या कागदाविषयी मात्र फार चिंता करू नका, कारण निदानासाठी लागणारा भाग आधी वापरला जातो आणि राहिलेलाच ठेवला जातो.

माझी खरी काळजी सहीनंतरची आहे. कापूस वेचणीच्या दिवसांत फॉलोअप चुकतो, सिम बदलते, माणूस मुलाकडे पुण्याला जातो आणि संस्थेच्या वहीत त्याच्या नावापुढे रकाना कोरा राहतो. असे रकाने वाढले की कोणता उपचार सरस, हे सांगताच येत नाही. म्हणून बाबांच्या नंबरासोबत आपला आणि गावातील आशाताईंचा नंबर अभ्यासाच्या समन्वयकाकडे लिहून द्या, पत्ता बदलल्यास कळवा, आणि बाबांना बरे वाटत असले तरी ठरलेल्या तारखेला त्यांना घेऊन जा.