‘द एल्फस्टोन्स ऑफ शॅनारा’बद्दल वाचकांची मते एवढी उलटसुलट का आहेत? कादंबरी वाचावी का?

आपण विचारले आहे की, टेरी ब्रुक्स यांच्या ‘द एल्फस्टोन्स ऑफ शॅनारा’ या फँटसी कादंबरीला काही वाचक या लेखकाची सर्वोत्तम कादंबरी मानतात, तर काही जण ती अर्ध्यावर टाकून देतात, असे का. मालिकेतील पहिले पुस्तक न वाचता ती समजेल का. आणि मुळात ती वाचावी का. मी ही कादंबरी दोनदा हाती घेतली. पहिल्या वेळी साधारण एक तृतीयांश वाचून ठेवून दिली आणि पुढे काही वर्षे तिच्याबद्दल बेधडक प्रतिकूल मत देत राहिलो. दुसऱ्या वेळी ती शेवटपर्यंत वाचली आणि ते मत मागे घ्यावे लागले, पूर्णपणे नाही, पण बऱ्याच अंशी. दोन्ही बाजूंची मते मी स्वतःच बाळगून झालो असल्यामुळे या वादात मला थोडी अधिक गोडी आहे. शेवट मी उघड करणार नाही. तो आधी कळला तर या पुस्तकाचे मोठे नुकसान होते.

कथानक थोडक्यात असे आहे. फार पूर्वी एल्फांनी, म्हणजे माणसासारख्या दिसणाऱ्या एका जादुई वंशाने, दुष्ट शक्तींना एका अदृश्य बंदिवासात कोंडले आणि तो बंदिवास टिकवण्यासाठी एलक्रिस नावाचा जादूचा वृक्ष निर्माण केला. आता तो वृक्ष मरू लागला आहे आणि कोंडलेले राक्षस एकेक करून बाहेर पडत आहेत. वृक्षाचे बीज ब्लडफायर नावाच्या अग्नीत बुडवून परत आणले तरच त्याचा पुनर्जन्म होऊ शकतो आणि हे काम केवळ वृक्षाने स्वतः निवडलेल्या सेवकांपैकीच कोणीतरी करू शकतो. राक्षसांनी या सेवकांची कत्तल केलेली आहे. वाचली आहे ती फक्त अँबर्ली, एल्फ राजाची नात, जी काही काळापूर्वीच ती सेवा अचानक सोडून निघून गेली होती. तिच्या रक्षणासाठी अ‍ॅलनॉन हा गूढ ड्रुइड, म्हणजे जुनी विद्या आणि जादू जपणारा साधक, विल ओम्सफर्ड या तरुणाला गाठतो. विल वैद्यकी शिकतो आहे, त्याला लढता येत नाही, आणि त्याच्याजवळ आजोबांकडून आलेले निळे एल्फस्टोन, म्हणजे जादूचे दगड, असले तरी ते वापरण्याइतके एल्फ रक्त आपल्या अंगात आहे की नाही याचीही त्याला खात्री नाही.

नाराज वाचकांची पहिली तक्रार संथपणाची असते आणि ती खरी आहे. नमनालाच घडाभर तेल जाते. वृक्षाचा इतिहास, एल्फांचा इतिहास, विलच्या घराण्याचा इतिहास असे सगळे पात्रांच्या तोंडून लांबलचक सांगितले जाते. अ‍ॅलनॉन बोलू लागला की पुढची काही पाने माहितीची आहेत हे ओळखावे. दऱ्या, डोंगर, जंगले यांची वर्णनेही ब्रुक्स हात राखून करत नाहीत. एकच विशेषण दोन-तीन पानांत पुन्हा भेटते. भाषा मात्र सोपी आहे, इंग्रजी वाचनाची फार सवय नसलेल्यालाही जड जाऊ नये अशी. मी पहिल्यांदा पुस्तक सोडले ते या संथपणामुळेच. दुसऱ्या वाचनातही तो भाग मला वेगवान वाटला नाही. फक्त त्यात पेरलेल्या दोन-तीन वाक्यांचे महत्त्व नंतर कळले.

दुसरी तक्रार एल्फांबद्दलची आहे आणि मतभेदाचे मूळ मला इथे अधिक दिसते. (एल्फ हा शब्द मी मुद्दाम तसाच ठेवला आहे. ‘यक्ष’ म्हटले की कुबेर आणि अलकानगरी डोळ्यांसमोर येते आणि ‘परी’ म्हटले की पंख; या कादंबरीत यांपैकी काहीच नाही.) ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्किन यांच्या पुस्तकांमुळे एल्फ म्हटले की अमर, तेजस्वी, काहीसे उदास आणि माणसापेक्षा सर्वच बाबतींत वरचढ अशी एक प्रतिमा वाचकांच्या मनात पक्की झाली आहे. ब्रुक्स यांचे एल्फ यात बसत नाहीत. ते म्हातारे होतात, मरतात, राजमंडळाच्या बैठकीत तावातावाने भांडतात, सैन्याची जुळवाजुळव करताना शेजाऱ्यांकडे मदत मागतात आणि ती वेळेवर येत नाही. त्यांची जुनी जादू जवळजवळ लोपलेली आहे. ज्या बंदिवासामुळे त्यांचे जग सुरक्षित आहे, तो अनेकांच्या लेखी आता केवळ दंतकथा उरला आहे. ‘ही तर टोकदार कानांची माणसेच आहेत’ हा आक्षेप त्यामुळे स्वाभाविक आहे. एके काळी तो माझाही होता. परंतु कादंबरीचा डोलारा याच गोष्टीवर उभा आहे. एल्फ अमर आणि सर्वज्ञ असते, तर वृक्ष मरतो आहे या बातमीने त्यांची अशी तारांबळ उडाली नसती, आणि मुख्य म्हणजे अँबर्लीकडून जे मागितले जाते त्याला फारशी किंमत उरली नसती. ज्याचे आयुष्य एकच आणि मोजके आहे, त्याच्याकडून ते मागण्यात काही अर्थ असतो.

आता अँबर्लीकडे येतो, कारण वाचकांची सर्वाधिक परस्परविरोधी मते तिच्याविषयीच आहेत. काहींना ती हट्टी, तुटक आणि अकारण फणकारणारी वाटते. विल जीव धोक्यात घालून तिला वाचवतो आहे आणि ही त्याच्याशी धड बोलतही नाही, असे त्यांचे म्हणणे. हे मत बहुतेक वेळा पुस्तक मध्येच सोडलेल्यांचे असते. तिने सेवा का सोडली हे लेखक बराच काळ सांगत नाही. वाचकाला केवळ एवढेच कळते की, कित्येक शतकांत प्रथमच वृक्षाने एका मुलीची निवड केली, हा मान तिने लाथाडला आणि त्याबद्दल तिचे स्वतःचे लोक तिच्याकडे संशयाने पाहतात. पुढे ती जेव्हा विलला कारण सांगते, तेव्हा ते भ्याडपणाचे किंवा लहरीपणाचे नसते. वृक्ष तिच्याशी इतरांपेक्षा अधिक बोलत असे आणि त्या जवळिकीत आपण स्वतः विरघळून जात आहोत अशी भीती तिला वाटू लागली होती. ही भीती किती रास्त होती, हे समजण्यासाठी पुस्तकाच्या शेवटापर्यंतच जावे लागते. तिथे पोहोचल्यावर आधीचा प्रत्येक फणकारा, प्रत्येक टाळाटाळ वेगळी दिसू लागते आणि आपण ज्या मुलीवर चिडत होतो तिने किती आधी काय ओळखले होते, याची थोडी लाज वाटते. पूर्ण वाचलेले वाचक आणि अर्ध्यावर थांबलेले वाचक यांची मते जुळत नाहीत ती यामुळे. अँबर्लीच्या बाबतीत तरी ते दोघे दोन वेगळ्या पुस्तकांविषयी बोलत असतात. म्हणून प्रतिकूल मत वाचताना ते देणाऱ्याने कादंबरी संपवली होती का, एवढे पाहत चला.

अ‍ॅलनॉनच्या वागण्याविषयीही असेच दोन तट आहेत. तो खोटे बोलत नाही, पण पूर्ण सत्यही सांगत नाही. हे काहींना लेखकाची सोयीस्कर युक्ती वाटते: पात्रांना सगळे आधीच सांगितले तर गोष्टच संपेल, म्हणून म्हाताऱ्याने ओठ मिटून बसायचे. हा प्रकार या जातीच्या कादंबऱ्यांत इतक्यांदा झाला आहे की हा संशय घेणाऱ्याला मी दोष देणार नाही. तरीही येथे त्या मौनाचा हिशेब शेवटी मांडला जातो आणि अ‍ॅलनॉन त्यातून धुतल्या तांदळासारखा बाहेर पडत नाही. मला ते प्रामाणिक वाटले.

कादंबरीत दोन धागे आळीपाळीने चालतात. एकीकडे विल आणि अँबर्ली यांचा प्रवास, दुसरीकडे राजधानी आर्बोर्लॉन वाचवण्यासाठी एल्फ सैन्याने दिलेला लढा. दुसरा धागा कंटाळवाणा आहे, कारण एक खिंड लढवायची, हरायचे, मागे सरायचे आणि पुढची खिंड लढवायची एवढेच त्यात घडते, असे म्हणणारे वाचक पुष्कळ आहेत. मला तो धागा उलट अधिक पक्का वाटला. अँडर हा राजाचा धाकटा मुलगा. राज्य आपल्याकडे येईल असे त्याला कधी वाटलेले नाही, दरबारातही त्याच्याकडून फारशी अपेक्षा नाही. परिस्थिती त्याला पुढे ढकलत नेते आणि तो प्रत्येक वेळी जेमतेम पुरा पडतो. लढाया सारख्याच असल्या तरी लढणारा प्रत्येक वेळी बदललेला असतो. त्यातच शत्रूपक्षातील चेंजलिंग, म्हणजे हवे ते रूप घेणारा राक्षस, राजवाड्यात नेमका कोणाच्या रूपात वावरतो आहे हा उपधागा ब्रुक्स यांनी फार थंडपणे विणला आहे.

ज्या आक्षेपांना माझ्याकडे उत्तर नाही, तेही सांगतो. एरेट्रिया ही रोव्हर नावाच्या भटक्या टोळीतील मुलगी धीट आणि चतुर आहे, तिच्या वाट्याला उत्तम प्रसंगही आले आहेत, पण तिच्या इच्छा-आकांक्षा बहुतेक वेळा विलभोवतीच घुटमळतात. तिच्यावर सत्ता गाजवणारा सेफेलो हा अधिक गुंतागुंतीचा माणूस म्हणून उतरतो आणि ती मात्र सौंदर्य आणि ओढ यांच्या वर्णनात अडकते. योगायोगांचाही सुकाळ आहे. नेमक्या क्षणी अवाढव्य पक्ष्यावर बसून आकाशातून उतरणारा लहान मुलगा गोड असला, तरी त्याची सोय झाली नसती तर लेखकाची पंचाईत झाली असती, हे वाचकाला स्वच्छ दिसते.

आता पहिल्या पुस्तकाविषयी. ‘द सोर्ड ऑफ शॅनारा’ 1977 मध्ये आले, खूप खपले आणि टोल्किन यांची नक्कल म्हणून तितकीच टीकाही त्याने ओढवून घेतली. ती टीका बव्हंशी योग्य आहे. कथेचा आराखडा ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचलेल्या कोणालाही ओळखता येतो. ‘एल्फस्टोन्स’ 1982 मध्ये प्रसिद्ध झाली. या दोहोंमध्ये एक रोचक गोष्ट घडली, जी ब्रुक्स यांनी स्वतःच्या लेखनाविषयीच्या आठवणींत नोंदवली आहे: पहिल्या पुस्तकानंतर त्यांनी लिहायला घेतलेली दुसरी कादंबरी संपादक लेस्टर डेल रे यांनी नापसंत केली, ती बाजूला ठेवावी लागली आणि तिच्याऐवजी ‘एल्फस्टोन्स’ लिहिली गेली. त्या वेळी वकिली करून उरलेल्या वेळात लिहिणाऱ्या माणसाला हे किती जिव्हारी लागले असेल! पण त्याचा लाभ या पुस्तकात दिसतो. जग तेच आहे, मात्र गोष्ट उसनी वाटत नाही. म्हणून ‘हा लेखक नक्कल करतो’ हे मत वाचनात आले, तर ते कोणत्या पुस्तकाविषयी आहे हे आधी पाहावे. अनेकदा पहिल्या पुस्तकाचा राग दुसऱ्यावर काढलेला असतो.

पहिले न वाचता हे समजते का? समजते. कथा सुमारे अर्ध्या शतकानंतर घडते, विल हा पहिल्या नायकाचा नातू आहे आणि जे मागचे ठाऊक असायला हवे ते येथे सांगितले आहे (वर तक्रार केली ती पाने त्यासाठीच आहेत). अ‍ॅलनॉन आणि वृद्ध राजा एव्हेन्टाइन यांसारखी पात्रे पुन्हा भेटतात, त्यांची पूर्वओळख असेल तर थोडी अधिक रंगत येते इतकेच. उलट यानंतरचे ‘द विशसाँग ऑफ शॅनारा’ वाचायचे असेल, तर मात्र ‘एल्फस्टोन्स’ आधी वाचणे आवश्यक आहे, कारण विलने ते निळे दगड वापरल्याचा जो परिणाम त्याच्या शरीरावर होतो, त्यातूनच पुढच्या पिढीची गोष्ट निघते.

2016 साली सुरू झालेल्या ‘द शॅनारा क्रॉनिकल्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या पहिल्या पर्वाचा आधार हीच कादंबरी होती. त्या मालिकेवरून पुस्तकाविषयी मत बनवणाऱ्यांचीही एक वेगळी जात आहे. मालिकेत एरेट्रियाला अधिक वाव मिळाला, हे चांगलेच झाले. पण प्रेमाच्या त्रिकोणावर इतका भर पडला की अँबर्लीची मूळ भीती त्यात पातळ झाली. शक्य असल्यास आधी पुस्तक वाचावे.

वाचावी की नाही, याबाबत माझे मत असे. आपल्याला भाषेची कलाकुसर किंवा अभिनव कल्पनाविश्व हवे असेल, तर ही कादंबरी आपल्यासाठी नाही. पाठलागाचे भय आणि एखाद्याच्या माथी आलेल्या कर्तव्याचे ओझे यांची गोष्ट आवडत असेल, तर जरूर घ्यावी. सुरुवातीच्या संथ भागावरून निर्णय करू नये. ड्रे वूड येथील एल्फांची चौकी आणि त्यानंतर पायकॉनच्या ओसाड गडावरची रात्र, जिथे रीपर नावाचा राक्षस विल आणि अँबर्ली यांचा माग काढत येतो, तिथपर्यंत वाचावे. पहिल्या वेळी मी याच्या बराच आधी थांबलो होतो. त्या गडावरील अंधारातही आपल्याला पान उलटण्याची घाई झाली नाही, तर पुस्तक खुशाल मिटून ठेवावे. मग ते आपल्या आवडीचे नाही, असे मी मान्य करीन.