चिंच लावाल तर मॅलाकाइट जाईल

प्रश्न : चांदीतलं मॅलाकाइटचं लॉकेट काळं पडलं म्हणून चिंच-मिठाने घासलं. चांदी उजळली, पण खडा पांढुरका आणि खरखरीत झाला. झिलई परत येईल का? (नाशिक)

उत्तर : येईल, पण घरी नाही. मॅलाकाइट हा हिरवा, वलयांचा खडा म्हणजे पाणी धरून असलेलं तांब्याचं कार्बोनेट. जुन्या तांब्यावर चढणाऱ्या हिरव्या थराचा हा सख्खा भाऊ. चिंच, लिंबू, व्हिनेगर तो थर काढतात, तसाच हा खडाही खातात. अमोनिया आणि चांदी उजळवण्याची तयार द्रावणंही चालत नाहीत.

खडे घासणाऱ्या कारागिराकडे द्या. तो 600, 1200, 3000 अशा चढत्या नंबरच्या कागदांवर पाणी सोडत घासेल आणि शेवटी चामड्यावर क्रोमियम ऑक्साइडने चमक आणेल. कोरडं घासू देऊ नका. धूळ विषारी असते. कोंदणाला डाग द्यायचा, म्हणजे झाळायचं असेल तर खडा आधी काढायला लावा. ज्योत लागली की त्यातलं पाणी उडून तो काळा पडतो, आणि त्यावर इलाज नाही.

एरवी साधं पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि लगेच कोरडं करणं एवढं पुरे. अल्ट्रासॉनिक यंत्र आणि वाफ टाळा. मोहज मापावर (1 सर्वांत मऊ, 10 हिरा) कठीणपणा जेमतेम साडेतीन ते चार. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे सातच्या कठीणपणाचे कण असतात, म्हणून कोरडं पुसलं तरी चरे उठतात. अंगठीपेक्षा लॉकेटच बरं.

प्रश्न : हा खडा येतो कुठून? खरा कसा ओळखायचा? (पुणे)

उत्तर : तांब्याच्या खाणीच्या वरच्या थरात झिरपणारं पाणी धातुक विरघळवतं आणि पोकळीत थरावर थर साचतात, तीच ही वलयं. आज बराच माल काँगोच्या कटांगा भागातून येतो. एकोणिसाव्या शतकात उरल पर्वताचा बोलबाला होता. सेंट पीटर्सबर्गच्या हिवाळी राजवाड्यातले मॅलाकाइटचे खांब मात्र सबंध दगडाचे नाहीत. काही मिलिमीटर जाडीच्या चकत्या वलयं जुळवून चिकटवल्या आहेत, आणि जोड शोधून सापडत नाही! आपल्याकडे खेत्री आणि मलांजखंडच्या तांब्याच्या खाणींतही हे खनिज आढळतं.

नकली खड्यात पट्टे सारख्या रुंदीचे, मधे ठळक काळ्या रेघा. हाताला हलका आणि कोमट. सुटा खडा असेल तर वजनाची परीक्षा घ्या. दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळवल्यावर 20 ग्रॅमचा अस्सल खडा 5 ते साडेपाच ग्रॅमने हलका भरतो, प्लास्टिकचा 10 ग्रॅमहून जास्त. भुकटी आणि राळ दाबून केलेला खडा अधेमधे येतो. तापलेली सुई मात्र टोचू नका.

प्रश्न : खडा पाण्याच्या बाटलीत टाकून ते पाणी प्यावं का? (ठाणे)

उत्तर : नाही. त्यातून तांबं पाण्यात उतरू शकतं. लिंबू पिळलेल्या पाण्यात तर नक्कीच.